राबियाबीचं पिंजण

वऱ्हाडात जाऊन आले असं सांगितलं की पुण्यात पहिला प्रश्न येतो, "फार उकडलं का हो?" मी गेले ती पौषात. सकाळचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटे आणि दिवस कलला की काळ्या जमिनीतून गारवा वर चढू लागे. उकडलं मुळीच नाही. पण परत आल्यावर बरेच दिवस कशात मन लागेना, आणि त्याचं कारण जाता जाता सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहायला बसले आहे.

माझं काम आधी सांगते. पुण्यात अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकांच्या हाताखाली मी संशोधनाचं काम करत होते. नवं राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. सरांच्या मनात आलं, की ज्या बायका स्वतःच्या जबाबदारीवर धंदा चालवतात, त्यांतही मुसलमान, बौद्ध अशा समाजातल्या, त्यांच्याविषयी कुणी काही लिहिलेलंच नाही. "गिरणीतली बाई अहवालात येते, शेतातली येते," सर म्हणाले, "दुकान चालवणारी येत नाही. ती कशी उभी राहिली आणि कशी टिकली, एवढं विचारून या." वऱ्हाड माझ्या वाट्याला आलं, कारण अमरावतीला माझी वेणूमावशी होती. माझ्या आईची मामेबहीण. लवकर विधवा झालेली, मुलींच्या शाळेत शिक्षिका, माहेर अकोल्याचं. तिनं आधीच कळवलं होतं, "एकटी फिरू नकोस. पुण्याच्या माणसाला इथले लोक चहा पाजतात, पण उत्तर देत नाहीत."

अमरावती

दौंड-मनमाडवरून बडनेऱ्याला उतरले, तिथून छोट्या गाडीनं अमरावती. मावशी स्टेशनवर छत्री घेऊन उभी होती. पावसाचं चिन्ह नसताना छत्री कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, "कुत्र्यांसाठी."

पहिल्याच जेवणात माझी फजिती झाली. पाटोडीचा रस्सा पानात पडला तेव्हा त्यावरचा लाल तवंग मला फार सुंदर वाटला. पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आमच्याकडे आमटीत गुळाचा खडा पडल्याशिवाय ती आमटी होत नाही. इथे गूळ मागितला तर मावशीनं तो वेगळ्या वाटीत, औषध द्यावं तसा दिला.

दुसऱ्या दिवशी गोदावरीबाईंकडे गेलो. त्या कॉलेजच्या मुलांसाठी खाणावळ चालवत. भल्या पहाटेपासून चुलीपाशी, बाजार त्यांचा, भाव त्यांचा, मुलांना दटावणं त्यांचं. पण दारावरच्या पाटीवर दिराचं नाव. मी विचारलं, "हा धंदा तुम्ही कधी सुरू केलात?"

त्या पोळी लाटता लाटता थांबल्या. "धंदा? छे हो बाई. घरच्यांचा स्वयंपाक करते, त्यात चार पानं जास्त पडतात."

"पण चालवता तुम्हीच ना?"

"चालवतात ते. मी आपली मदत करते."

'ते' म्हणजे दीर, बाहेर झोपाळ्यावर पान खात बसले होते. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी उठून मला नमस्कार केला आणि माहिती आणखी काही हवी असल्यास आपल्याला विचारावी, असं सांगितलं.

रस्त्यात मावशी म्हणाली, "तुला सगळीकडे हेच ऐकायला मिळेल. मी मदत करते. बायका मदत करतात आणि पुरुष पान खातात."

परतवाडा

परतवाड्याला जायचं ते हमीदाबी नावाच्या बाईंसाठी. मेळघाटातून येणाऱ्या सागवानाचा आणि बांबूचा हा बाजार. नवऱ्यामागे लाकडाचा अड्डा ही बाई एकटी सांभाळते, असं मावशीला कुणीतरी सांगितलं होतं. एसटीनं निघालो. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना गाड्यांतून उडालेले पुंजके अडकलेले. लांबून पाहिलं तर त्या बाभळी फुलल्यासारख्या दिसत. वाटेत गाडीचं चाक बसलं. आम्ही शेताच्या बांधावर बसून संत्री खाल्ली, आणि उत्तरेला मेळघाटचे डोंगर निळे-काळे होत गेले. चिखलदऱ्याला जाणारं एक तरुण जोडपंही खोळंबलं होतं. त्यातल्या मुलीनं मला विचारलं, "तुम्हीही थंड हवेला?" मी कामाचं सांगितल्यावर तिला माझी दया आली असावी.

अड्ड्यावर पोचलो तर लाकडाचा ओला, तुरट वास आणि एक मोठा मुलगा. मुलगा कसला, तिशीचा बाप्या. त्यानं खुर्च्या मांडल्या, चहा मागवला. चहा बशीत ओतून पिण्याची इथे पद्धत, आणि आपण कपानं प्यालो तर यजमानाला वाटतं चहा आवडला नाही.

"आमची अम्मी?" तो म्हणाला. "ती घरात असते. धंदा मी पाहून राहिलो ना."

"अड्डा त्या सांभाळतात असं ऐकलं होतं."

"पहिले बसत होती. मी लहान होतो तवा. आता काय गरज?" तो अगदी आदरानं बोलत होता.

त्यांना भेटता येईल का, असं विचारलं. निरोप आत गेला आणि परत आला, की त्यांची तब्येत बरी नाही. परत निघताना मागच्या खिडकीचा पडदा बाजूला झाला आणि एका बाईचा म्हातारा, हिशेबी चेहरा ओंडक्यांच्या ढिगाकडे पाहताना दिसला. आमच्याकडे तिनं पाहिलंच नाही.

परत बसमध्ये बसलो. दोन गावं झाली, आणि सरांना सांगावं असं काही हाती नव्हतं. मावशीनं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "अकोल्याला चल. माझी राबिया 'मदत करते' म्हणणार नाही."

अकोला

अकोल्याला मावशीच्या भावाकडे उतरलो. ते वकील. घर पक्षकारांनी आणि बोलण्यानं भरलेलं. राजधानी नागपुराहून गेल्याचं दुःख त्यांना ताजं होतं, आणि मी पुण्याची असल्यामुळे त्यातला काही दोष माझ्याकडे आलाच.

राबियाबी पिंजारी समाजातली. तिचे वडील मावशीच्या लहानपणी दर थंडीत खांद्यावर धनुकली घेऊन यायचे आणि अंगणात कापूस पिंजून गाद्या भरायचे. राबिया सोबत यायची. तेव्हापासूनची ओळख. पुढे तिच्या नवऱ्यानं धनुकलीच्या जागी चाकाचं लोखंडी यंत्र आणलं. आत दातेरी लाट, म्हणजे फिरणारा रूळ, बाजूला हातानं फिरवायचं मोठं चाक, त्यावरून चामड्याचा पट्टा. नाव मात्र जुनंच, पिंजण, राहिलं. नवरा गेला तेव्हा दिरांनी यंत्र न्यायला गाडी आणली होती. राबिया दारात आडवी बसली आणि उठली नाही. त्या दिवसापासून दुकान तिचं.

कापडपेठेच्या मागच्या गल्लीत ते दुकान होतं. पुढे रजयांचे रंगीत ढीग, मध्ये राबियाबी. उंच, हाडापेराची, डोक्यावर ओढणी, तोंड उघडं, आवाज खणखणीत. मावशीला पाहून तिनं गिऱ्हाइकाला तसंच सोडलं.

"या वेणूबाई! आज इकडं कसा रस्ता फुटला?"

मावशीनं माझी ओळख करून दिली. मी माझा प्रश्न विचारला, हा धंदा कोण चालवतं?

"कोण म्हणजे?" तिनं मागंपुढं पाहिलं. "मी चालवून राहिली. तुमाले दुसरं कोणी दिसून राहिलं काय?"

मला इतका आनंद झाला की मी हसलेच. त्या सकाळी ती पुष्कळ बोलली. कोणता कापूस रजईला, कोणता उशीला. इतर पिंजाऱ्यांनी सुरुवातीला कसं वाळीत टाकल्यासारखं वागवलं. हिंदू घरांतल्या बायका आपणहून तिच्याकडे कशा येऊ लागल्या, कारण बाळंतिणीच्या गादीबद्दल पुरुषाशी काय बोलायचं? सरांना हवं होतं ते सगळं तिच्या तोंडून येत होतं. मग ती सहज म्हणाली, "बरं झालं, या आठवड्यात आल्या. जुम्म्याले माझ्या पोरीचा, सकिनाचा निकाह आहे. त्यानंतर दुकान बंद."

"बंद?" मावशी ओरडलीच.

मुलगा बुऱ्हाणपूरचा. घरचं कापडाचं दुकान. घराणं चांगलं. त्यांना देणंघेणं काही नको होतं. अट एकच होती, मुलीची आई दुकानावर बसलेली त्यांच्यात चालत नाही.

"आणि तू कबूल केलंस?" मावशीचा आवाज चढला, आणि चढला की तिच्यातली शाळामास्तरीण जाऊन वऱ्हाडीण बाहेर येई. "दिराच्या गाडीपुढं बसली तवा कोनाले भेली नाई, आन् आता व्याह्याले भेली? काहून?"

राबियाबी उठली आणि आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेली.

खोलीला एक झरोका. त्यातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात कापसाची धूळ इतकी दाट तरंगत होती की पलीकडची भिंत दिसेना. सकिना चाक फिरवत होती. तोंडावर ओढणी गुंडाळलेली, भुवया आणि पापण्या पांढऱ्या. आईनं हात वर केला तशी ती थांबली. यंत्राचा आवाज हळूहळू विरला, आणि मग तिचा खोकला ऐकू आला. कोरडा, खोल, म्हाताऱ्या माणसाचा. पोरगी माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची होती.

"हे ऐकवाले आणलं तुमाले," राबियाबी म्हणाली. "तिचा बाप असाच खोकत गेला. मले बी आहे. डागदर म्हणते, कापसातून बाहेर काढा हिले. आता सांगा वेणूबाई, दुकान ठेवून करू काय? मी बसली तर ही बसते. माझ्या हातून चाक फिरत नाई आता."

"माणूस ठेव कामाला."

"बाईच्या हाताखाली कोणता पिंजारी येतो?" ती थोडी हसली. "कापडाचं दुकान आहे त्यायचं. तयार कापड. त्याले धूळ नसते."

  सरांचा प्रश्न होता, कशी टिकली. आणि टिकण्याची किंमत माझ्यासमोर उभी राहून पापण्या पुसत होती. सकिनानं माझ्याकडे पाहून ओढणी खाली केली आणि लाजत हसली. तिला लग्नाचा आनंद झाला होता. बांगड्या कोणत्या रंगाच्या घेतल्या, ते तिनं मला लगेच सांगून टाकलं.

निकाह त्यांच्याच अंगणात, दुपारच्या आधी झाला. मावशी सोवळ्यातली नव्हे, तरी जेवायची नाही, सरबतावर राहिली. मी जरदा, म्हणजे त्यांच्याकडचा गोड भात, खाल्ला, केशरी, तुपानं माखलेला, आणि पुरणपोळीनंतर इतकं चांगलं गोड मी लग्नात खाल्लं नव्हतं. बायकांच्या घोळक्यात राबियाबी हिरव्या साडीत, दुकान बंद केल्यावर आता काय करणार या प्रश्नाला हसून उत्तर देत होती, "झोपणार. लय वर्षांची झोप बाकी आहे." पिंजण मूर्तिजापूरचा एक माणूस विकत न्यायचा होता. त्याची गाडी दुसऱ्या आठवड्यात येणार होती.

पाठवणीची तयारी चालली होती. नवऱ्या मुलाचे वडील, पांढऱ्या दाढीचे, गोड बोलणारे गृहस्थ, मागच्या खोलीत गेले. बाहेर येऊन त्यांनी राबियाबीला हात जोडले.

"समधन, मशीन भी गाड़ी पे चढ़वा दूँ? आज ही साथ निकल जाएगी."

राबियाबीला प्रथम कळलंच नाही. "मशीन? ती तर..."

"दुकान तो अब बंद है. पड़ी-पड़ी ज़ंग खाएगी. हमारे उधर जाड़ा ज़्यादा है, रजाई का काम अच्छा चलेगा. घर के अंदर, पर्दे में."

मावशी पुढे झाली. "तुम्हाला काही नको होतं ना? तसं बोलणं झालं होतं."

ते मुळीच रागावले नाहीत. "बहनजी, हमने कुछ माँगा? लड़की की चीज़ लड़की के साथ जाती है. और चलाना भी तो उसी को आता है."

 निकाह पढून झाला होता, मुलगी दुसऱ्याची झाली होती. राबियाबी भिंतीला टेकली. मी जवळ होते, म्हणून तिचं पुटपुटणं मला ऐकू आलं. "मुलगी पाहाले आले तवा इचारलं होतं त्यायनं, ही चालवते काय? मीच सांगितलं. फुशारकीनं सांगितलं. म्हटलं, माझ्यापेक्षा चांगली चालवते."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. एकदा ती दारात आडवी बसली होती. मला वाटलं, आता पुन्हा बसेल. मावशीलाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

पण राबियाबी आत गेली. तेलाची कुपी आणि फडकं घेतलं आणि हिरव्या साडीतच पिंजणाशी उकिडवी बसली. एकेक सांधा पुसला, त्यात तेल सोडलं, पट्टा ताणून पाहिला. पुरुष दारात ताटकळत राहिले. कुणी घाई केली नाही. उठल्यावर तिनं सकिनाला जवळ घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दार उघडं ठेवून चालवत जा."

भुसावळपर्यंत

माझी परतीची गाडी आणि नवऱ्याकडच्या मंडळींची गाडी भुसावळपर्यंत एकच निघाली. पिंजण पार्सलच्या डब्यात चढवलं, पुरुष पुढच्या डब्यात गेले, आणि जनानी डब्यात मी, सकिना आणि तिची नवी फूफीसासू, सासऱ्याची बहीण. मावशी फलाटावर होती. गाडी सुटली तरी ती छत्री टेकून तिथेच उभी राहिली.

फूफी शेगाव यायच्या आत झोपली. सकिनानं बुरख्याचा पडदा वर टाकला आणि खिडकीला नाक लावलं. बडनेऱ्याच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती, आणि या बाजूला तर कधीच नाही. बाहेर तीच काळी जमीन, तेच कापसाचे ढीग, जिनिंगच्या धुराड्यांचा धूर. मी तिला संत्रं सोलून दिलं. तिनं निम्मं फूफीसाठी बाजूला ठेवलं.

"तू नाही म्हणू शकली असतीस," मी हळूच म्हटलं. ते म्हणणं किती निरर्थक आहे, ते म्हणतानाच मला कळत होतं.

"कोनाले म्हणू?" तिनं खरंच विचारलं. मग संत्र्याच्या बिया मुठीत धरून म्हणाली, "अम्मीले वाटते, मी यंत्रामुळं रडली. मी अम्मीसाठी रडली. ते बंद दुकानात एकटी राहील. तिले झोप येत नाई, लोकायले सांगते झोपणार म्हणून."

"आणि तू?"

"मले चालते ते. तिथं कोणी माझ्या ओळखीचं नाई. हे तरी आहे." मूठ खिडकीबाहेर उघडून म्हणाली, "सासऱ्याले गरज आहे त्याची. म्हणजे माझी बी राहील. नाई काय?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? मग तिला खोकला आला. तो थांबेपर्यंत मी तिच्या पाठीवर हात ठेवला. फूफी जागी झाली, आणि थंडी बाधली असेल म्हणून तिनं खिडकी लावून घेतली.

"दाराचं अम्मी म्हणाली ना," सकिना माझ्या कानाशी म्हणाली, "तिले माहीत आहे, ते उघडं राहत नसते. पर्द्याचं घर आहे."

भुसावळला त्यांना बुऱ्हाणपूरची गाडी धरायची होती. मीही खाली उतरले, निरोप घ्यायला. फलाटावर गर्दी, आरोळ्या, चहाच्या भट्ट्यांचा धूर. सकिना बुरखा ओढून फूफीच्या मागे, मान खाली घालून उभी राहिली, नव्या सुनेनं राहावं तशी. पुढे पार्सलच्या डब्यातून हमाल पिंजण उतरवत होते. ते जड, आणि त्यांना त्याची ओळख नाही. एकानं चाकालाच धरलं, दुसऱ्यानं लाटेखाली हात घातला, आणि यंत्र एका अंगावर कलंडू लागलं.

"चाक सोडा!"

फलाटावरच्या त्या गोंगाटातही आवाज खणखणीत आला. हुबेहूब आईचा.

"चक्का छोडो! नीचे से पकडो, पट्टे के तरफ से! हाथ कट जायेगा!"

हमाल जागीच थांबले. नवरा मुलगा वळला, त्याचे भाऊ वळले, बाकड्यावरची माणसं वळून बघू लागली. सकाळीच निकाह झालेली मुलगी चारचौघांत ओरडली होती. फूफीनं तोंडावर हात ठेवला. सकिना जागच्या जागी आक्रसली, आणि बुरख्याच्या आतून तिच्या श्वासाचा घरघर आवाज येऊ लागला. मला वाटलं, आता सासरा पुढे येऊन काहीतरी कठोर बोलणार.

सासरा हमालांकडे वळला. "सुना नहीं? जैसा वो कहती है, वैसा उठाओ."

हमालांनी खालून धरलं. पिंजण सरळ झालं, अलगद फलाटावर टेकलं. म्हाताऱ्यानं चाकावर हात फिरवला आणि मान वळवून सुनेकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बाजारात मनासारखी बैलजोडी मिळालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो, तसा आनंद होता.